बारीक केसांची गळती: कारण शोधायचं ते तीन महिने मागे

ऑगस्टमध्ये डेंग्यू होतो. आठवडाभर ताप, मग हळूहळू प्लेटलेट वर येतात, अशक्तपणा जातो, सणवार पार पडतात. आणि दिवाळीच्या तोंडावर डोकं धुताना मोरीच्या जाळीवर केसांचा एवढा गुंता जमतो की काळजात धस्स होतं. मग शाम्पू बदलला जातो, टाकीच्या पाण्याला दोष दिला जातो, तेलाची नवी बाटली येते. तापाची आठवण मात्र कुणालाच होत नाही, कारण तो केव्हाच बरा झालेला असतो.

केसगळतीचं कारण आणि केसगळती यांच्यात दोन ते तीन महिन्यांचं अंतर असतं. एवढी एक गोष्ट पक्की समजली, तर निम्मा गोंधळ आणि बराचसा अनाठायी खर्च वाचतो. म्हणून आधी ते अंतर कुठून येतं ते पाहू.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं. २ ते ६ वर्षं तो केस वाढतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते आणि त्यानंतर जवळजवळ तीन महिने मूळ विश्रांती घेतं. विश्रांतीतला केस वाढत नाही, पण लगेच पडतही नाही. तो जागेवर नुसता अडकून असतो आणि विश्रांती संपली की सुटतो. कुठल्याही एका दिवशी डोक्यावरचे साधारण १० टक्के केस या विश्रांतीत असतात. आता हिशोब करा: १ लाखाचे १० टक्के म्हणजे १० हजार केस, ते सुमारे १०० दिवसांत गळणार, म्हणजे रोजचे १००. ‘रोज ५० ते १०० केस जाणं नैसर्गिक आहे’ हे जे सांगितलं जातं, ते याच गणितातून येतं.

शरीराला मोठा धक्का बसला की ते खर्चाला कात्री लावतं. केस वाढवणं हे त्या घडीला गरजेचं काम नसतं, त्यामुळे बरीच मुळं वेळेआधीच वाढ थांबवून विश्रांतीला जातात. समजा १० ऐवजी ३० टक्के गेली. त्या आठवड्यात काहीच दिसणार नाही. तीन महिन्यांनी मात्र ३० हजार केस एकापाठोपाठ सुटायला लागतात आणि रोजचा आकडा ३०० वर जातो. हे नव्याने काही बिघडल्याचं लक्षण नसतं, तो जुन्या धक्क्याचा उशिरा आलेला हिशोब असतो.

‘पातळ केस’ म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण ‘माझे केस पातळ आहेत’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात सांगतो. एक, केसाची काडीच बारीक, रेशमासारखी. दोन, केसांची संख्या कमी, म्हणजे विरळ. काडी बारीक असूनही डोकं दाट असू शकतं आणि जाड काडीचे केस विरळ असू शकतात. उपाय शोधण्याआधी आपलं यातलं कोणतं, ते ठरवायला हवं.

बारीक काडीचा परिणाम किती होतो ते आकड्यांत पाहा. एका बाईच्या केसाची जाडी ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दुसरीची ८० मायक्रॉन धरू. फरक दीडपटीचा वाटतो, पण वेणीची जाडी ठरते ती केसाच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि त्यात फरक अडीचपटीहून जास्त पडतो. पहिलीच्या १ लाख केसांची वेणी दुसरीच्या साधारण ३९ हजार केसांच्या वेणीएवढीच भरेल. म्हणजे बारीक केसांच्या बाईकडे शिल्लक आधीपासूनच कमी. जाड केसांच्या बाईचे १५ हजार केस गेले तरी मैत्रिणींना कळत नाही. हिचे तेवढेच गेले की भांगातली त्वचा दिसायला लागते आणि रबर एक वेढा जास्त घेतं.

उलट गुंत्यावरून अंदाज बांधला तर फसगत होते. ३०० बारीक केसांचा गुंता सुपारीएवढा दिसेल, तर तेवढ्याच जाड कुरळ्या केसांचा मोठ्या लिंबाएवढा. म्हणून बारीक केस असलेल्यांनी गुंत्याच्या आकाराकडे न बघता केस मोजावेत.

गळतात की तुटतात?

कंगव्यातले दहा-बारा केस घ्या आणि गडद कागदावर ठेवून दोन्ही टोकं बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढरट ठिपका असेल तर तो केस मुळातून सुटला आहे. हा ठिपका पाहून ‘केस मुळासकट आला, आता तिथे परत उगवणार नाही’ असं वाटून पुष्कळ जणी घाबरतात. तसं नाही. ठिपका म्हणजे विश्रांती पुरी झालेल्या केसाचं गोलसर टोक. ज्यातून केस उगवतो ते मूळ त्वचेच्या आत जागच्या जागी असतं आणि पुढचा केस तयार करत असतं.

दोन्ही टोकांना ठिपका नसेल, तुकडे लहानमोठे असतील, टोक फाटलेलं किंवा कुंच्यासारखं झालं असेल, तर केस तुटतो आहे. बारीक काडी कमी ताणात तुटते, ही साधी गोष्ट आहे. ओले केस आणखी कमकुवत असतात. न्हाऊन आल्याबरोबर बारीक दातांच्या फणीने मुळापासून ओढणं, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधणं, टॉवेलने खसाखसा पुसणं, स्मूदनिंग आणि रंग पाठोपाठ करणं, ही तुटण्याची नेहमीची कारणं. इथे रक्ततपासणीचा किंवा गोळ्यांचा काही उपयोग नाही. रुंद दातांचा कंगवा घ्या, शेंड्याकडून सुरुवात करून वर या, लांबीला कंडिशनर लावा आणि इस्त्रीची उष्णता कमी करा. खोबरेल तेलाची खरी जागाही इथेच आहे. ते काडीत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुळातून नवा केस उगवायला ते मदत करत नाही.

घरी करायची मोजणी

त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती एक चाचणी घरीही जमते. पाच दिवस डोकं धुवायचं नाही. सहाव्या दिवशी जाळीवर पातळ मलमलचा किंवा जुन्या ओढणीचा तुकडा अंथरून शाम्पूने नीट धुवा आणि खळबळून घ्या. कापडावर साठलेले सगळे केस वाळवून मोजा, मग दोन ढीग करा: ५ सेंटिमीटरहून लांब आणि ३ सेंटिमीटरहून आखूड. पुढचे केस आखूड कापलेले असतील तर ही विभागणी चुकेल, हे ध्यानात ठेवा.

पाच दिवसांतले बरेचसे केस विंचरताना आणि येता-जाता आधीच गेलेले असतात, कापडावर येतात ते उरलेले. एकूण केस १०० हून बरेच जास्त आणि जवळजवळ सगळे लांब असतील, तर ती धक्क्यानंतरची गळती असण्याची शक्यता जास्त. एकूण संख्या फार नाही, पण दहातला एक किंवा त्याहून जास्त केस आखूड आणि तंतूसारखा बारीक असेल, तर केसांची मुळंच आकसत चालली असावीत. दोन्ही एकदम असेल, म्हणजे संख्या मोठी आणि आखूड केसही भरपूर, तर दोन्ही कारणं एकत्र आहेत. बारीक केस असलेल्यांमध्ये हे एकत्र असणं विशेष महत्त्वाचं, त्याकडे पुढे येऊ.

बारीक केस लवकर तेलकट आणि चपटे होतात, तरीही गळतीच्या भीतीने पुष्कळ जणी धुणं लांबवतात. आठ दिवसांनी धुतलं की आठ दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि भीती वाढून पुढचं धुणं आणखी लांबतं. धुताना पडतात ते केस आधीच सुटलेले असतात. एकदा मोजणी झाली की दर दोन-तीन दिवसांनी बिनधास्त धुवा.

तीन महिने मागे गेल्यावर काय सापडतं

दिनदर्शिका काढा आणि गळती सुरू झाल्यापासून मागचे दोन ते चार महिने चाळा. मोठा ताप (डेंग्यू, चिकनगुन्या, टायफॉइड, कोविड), भूल देऊन झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपण, गर्भपात, घरातला मृत्यू, झपाट्याने घटवलेलं वजन, बंद केलेली गर्भनिरोधक गोळी, नव्याने सुरू झालेलं औषध: यातलं काही ना काही बऱ्याचदा सापडतं. कारण एकदाच घडून संपलेलं असेल, तर गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जे तेल किंवा जी गोळी सुरू असते, तिला श्रेय मिळतं, एवढंच.

बाळंतपणाचं गणित थोडं वेगळं आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे विश्रांतीला जायचे केसही वाढतच राहतात आणि केस कधी नव्हे इतके दाट दिसतात. प्रसूतीनंतर ते संप्रेरक उतरतं आणि थांबलेली सगळी मंडळी एकदम रजेवर जातात. गळती दिसते ती बाळ तीन-चार महिन्यांचं असताना. ‘बाळ ओळखायला, हसायला लागलं की आईचे केस गळतात’ असं घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, त्यातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे. बाळ खुदूखुदू हसायला लागण्याची वेळही तीच. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. अंगावर पाजण्यामुळे केस जातात असं समजून पाजणं बंद करू नये. पण प्रसूतीत रक्तस्राव जास्त झाला असेल, तर लोह जरूर तपासावं.

लोह: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातल्या देशातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आणि ही झाली हिमोग्लोबिन घसरल्यानंतरची स्थिती. शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन १२ च्या वर, रिपोर्टवर कुठेही लाल खूण नाही आणि फेरिटिन मात्र ९, असं सर्रास दिसतं. फेरिटिन म्हणजे लोहाच्या कोठाराचा मापक. १५ च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. केसांसाठी अनेक त्वचारोगतज्ज्ञ ते निदान ४० च्या आसपास असावं असं पाहतात. तापात किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपण संपून काही आठवडे गेल्यावर ते तपासावं.

लोह का कमी झालं, हा प्रश्न गोळीइतकाच महत्त्वाचा आहे. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो का, मोठ्या गाठी पडतात का? उत्तर ‘हो’ असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं हाच केसांवरचा उपचार. गर्भाशयातली गाठ दर महिन्याला रक्त घालवत असेल, तर वर्षभर गोळ्या घेऊनही कोठार भरणार नाही.

गोळी घेण्याची पद्धत चुकली तरी हेच होतं. लोहाची गोळी जेवणानंतर चहाबरोबर घेतली, तर बरंचसं लोह वाया जातं. शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर दोन्हींत चार तास अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळीही नीट शोषली जात नाही. बद्धकोष्ठाचा त्रास होत असेल, तर एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. तशी घेतलेली गोळी चांगली शोषली जाते. शौच काळसर होणं अपेक्षितच आहे. आणि तीन महिने मनोभावे घ्या. आठवड्याभरात अशक्तपणा कमी वाटला म्हणून थांबवलेली गोळी हे पुन्हा गळती सुरू होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

खाण्यात अळिवाचे लाडू, हिरव्या पालेभाज्या, उसळी यांना लिंबाची जोड द्या. प्रथिनांचा हिशोब एकदा कागदावर मांडा: ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम लागतात. अंड्यात ६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. खिचडीत जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. म्हणून लांबलेले उपास आणि ‘महिन्यात आठ किलो’ छापाची डाएट, दोन्हींनंतर तिसऱ्या महिन्यात केस जातात.

थायरॉइड, आणि बायोटिनची अडचण

थायरॉइड मंदावला की केस सगळीकडून गळतात, कोरडे होतात, भुवईचा बाहेरचा भाग विरळ होऊ शकतो. वजन, थंडी सोसेनाशी होणं, पाळीतला बदल ही लक्षणं जोडीला असली किंवा नसली, तरी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) एकदा बघावं. गोळी सुरू झाल्यावर केसांवर फरक दिसायला पुन्हा काही महिने जातात.

इथे एक गफलत होते, ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. केसांसाठीच्या गोळ्यांत ५,०००-१०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची आहे आणि रोजच्या जेवणात त्याची कमतरता क्वचितच होते. एवढं बायोटिन रक्तात असलं, तर काही प्रयोगशाळांच्या यंत्रांवर टीएसएच खोटं कमी येतं. म्हणजे केस गळतात म्हणून बायोटिन सुरू केलं, त्याने रिपोर्ट चुकला आणि खरं कारण झाकलं गेलं. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही अशीच चूक होऊ शकते. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा.

‘पोषक म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं’ ही समजूत केसांच्या बाबतीत उलटू शकते. अ जीवनसत्त्व किंवा सेलेनियम हे खनिज अंगात जास्त झालं की केस गळतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये काही दिवसांत माणसांच्या डोक्यावरचे केस अक्षरशः हातात येऊ लागले. तिथल्या रुग्णांच्या तपासणीत सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं. सेलेनियमची रोजची गरज जेमतेम ४०-५५ मायक्रोग्रॅम आहे. केसांच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या एकदम सुरू करण्याआधी दोन्हींच्या पाकिटांमागचे आकडे जुळवून बघा.

जन्मतः बारीक, की आता बारीक होताहेत?

बारीक केसांच्या स्त्रीने स्वतःला विचारायचा हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. आनुवंशिक विरळपणात केस एकदम गळत नाहीत. प्रत्येक फेरीत तेच मूळ आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस देतं, शेवटी नुसती लव उरते. भांग आणि डोक्याचा वरचा भाग यांवर परिणाम होतो. डोक्यामागचे केस बहुधा शाबूत राहतात. म्हणून मागचा एक केस आणि भांगाजवळचा एक केस पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. दोन्ही सारखेच बारीक असतील, तर ती तुमची जन्मजात ठेवण. भांगाचा स्पष्टपणे बारीक असेल, तर मुळं आकसत आहेत. भांग समोर रुंद आणि मागे अरुंद, असा दिसणंही त्याचीच खूण. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, मुरुमं असं असेल, तर पीसीओएसची (संप्रेरकांचा तोल बिघडणारा बीजाशयांचा विकार) तपासणी हवी.

फसगत होते ती इथे. आधीच बारीक केस, त्यात हळूहळू आकसणारी मुळं, पण दहा वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक डेंग्यू किंवा एक बाळंतपण येतं आणि झाकलेलं उघडं पडतं. गळती सहा महिन्यांत थांबते, पण भांग भरत नाही. ‘तापाने केस गेले’ हे खरं असतं, पण तेवढंच खरं नसतं. सहा महिन्यांनीही भांग तसाच राहिला, तर आणखी वाट बघू नका, कारण या प्रकारात आहे ते टिकवणं हे गेलेलं परत आणण्यापेक्षा खूप सोपं असतं.

यावर सगळ्यात जास्त पुरावा आहे तो मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाचा. स्त्रियांसाठी २ टक्क्यांचं द्रावण १ मिलिलिटर दिवसातून दोनदा, किंवा ५ टक्क्यांचं दिवसातून एकदा, डॉक्टरांच्या सल्ल्याने. कोरड्या डोक्यावर भांग पाडत पाडत ते त्वचेला लावायचं, केसांना नव्हे. हात धुवायचे आणि झोपण्याआधी दोन तास तरी ते वाळू द्यायचं, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि गालांवर लव वाढते. गरोदर असताना किंवा अंगावर पाजताना वापरू नये. घरात मांजर असेल तर फार जपावं लागतं, मांजरांना ते विषारी आहे. सुरुवातीच्या दोन ते सहा आठवड्यांत गळती वाढते, कारण विश्रांतीतले केस लवकर ढकलले जातात. बहुतेक जणी नेमक्या इथेच घाबरून सोडून देतात. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो आणि बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. हे सगळं माहीत असेल, तरच सुरू करावं.

काही गोष्टींत मात्र घरी मोजत बसण्यात वेळ घालवू नये. गोल, गुळगुळीत चाई पडणे. डोक्यात आग, दुखरेपणा. जिथे केस गेले तिथली त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी होणं. कपाळाची केसरेषा मागे सरकणं आणि सोबत भुवया विरळ होणं. यातल्या काही प्रकारांत मूळ कायमचं जातं, म्हणून आठवड्याभरात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. कानांवरचे केस घट्ट वेणीमुळे विरळ होत असतील, तर वेणी आजच सैल करा. चिकट पिवळसर कोंडा असेल, तर रात्रभर तेल ठेवणं बंद करून दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवा. महिन्याभरात खाज थांबायला हवी. रक्तदाब, फिट, मुरुमं किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांनी केस जाऊ शकतात, पण ती स्वतःहून कधीही बंद करू नका. यादी डॉक्टरांसमोर ठेवा, पर्याय असतो.

सुधारणा मोजायला महिन्यातून एकदा, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, कोरड्या केसांचा मधला भांग पाडून फोटो काढा. रोज आरशात पाहून काहीच कळत नाही. पहिली खूण दिसते ती कपाळाजवळ आणि भांगाच्या कडेला उभे राहिलेल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या केसांत. ते तुटलेले समजून पाण्याने चापून बसवू नका. टोक निमुळतं असेल तर ते नवे आहेत. महिन्याला १ सेंटिमीटर धरलं, तर ते हनुवटीपर्यंत यायला दोन वर्षं लागतात आणि वेणीच्या शेवटच्या पेडात पोचायला त्याहून जास्त. तोवर शेंडा बारीक दिसणारच. तो चार-पाच सेंटिमीटर कापून टाकला, तर वेणी आजच भरदार दिसते.